भाड्याने राबलेली नाव

बालाघाट हे शहर वैनगंगेच्या पूर्वेस वसले आहे. शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावलेली ही नदी मोठे वळण घेऊन बालाघाट जिल्ह्यात उतरते, पुढे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून वाहते आणि वर्धा नदीला मिळाल्यावर प्राणहिता हे नाव धारण करते. पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात या नदीचे दोन काठ नावेनेच काय ते जोडलेले असत. वारासिवनीकडील शेतकऱ्याला भरल्या नदीतून बालाघाटच्या कचेरीत यावयाचे तर ढीमराच्या किंवा केवटाच्या नावेवाचून गत्यंतर नव्हते. इंग्रजी अमदानीत १८७८ साली उतारघाटांसंबंधीचा जो कायदा झाला आणि जो जुन्या मध्यप्रांतासही लागू होता, त्यात घाटावरील उतराई वसूल करण्याचा हक्क लिलावाने देण्याची तरतूद होती. नाव हे त्या काळी सरकारी उत्पन्नाचे एक साधन होते आणि नावाड्याच्या कुटुंबाचा तर तो सारा संसारच होता.

पुलांनी नावेची ही निकड संपविली, पण नाव संपली नाही. मासेमारीला ती लागते, पलीकडच्या काठावरील शेतात मजूर नेण्यास ती लागते आणि अलीकडे तिला तिसरे एक काम मिळाले आहे. ते म्हणजे हौशी लोकांना पाण्यावर फिरवून आणण्याचे. धरणांच्या जलाशयांवर, मोठ्या तलावांवर आणि नद्यांच्या संथ डोहांवर जलविहाराचा व्यवसाय देशभर वाढला आहे. जबलपूरजवळ नर्मदेवर बरगीचा जलाशय आहे, महाबळेश्वरच्या पायथ्याशी तापोळ्याला कोयनेचा शिवसागर आहे. अशा व्यवसायात नावांचा ताफा बाळगावा लागतो, आणि काही वर्षांनी ताफ्यातील जुन्या नावा काढून नव्या घेण्याची वेळ येते. त्या निघालेल्या नावा कोणी तरी विकत घेतो. बहुधा तो असा मनुष्य असतो की ज्याच्यापाशी नवी नाव घेण्याइतके भांडवल नाही, पण ज्याच्या हातात पिढीजात वल्हे आहे. अशा मनुष्याने भाड्याने राबलेली नाव घ्यावी काय, घ्यावयाची तर ती कशी पारखावी, आणि घेतल्यावर ती कशी राखावी, हा या भाषणाचा विषय आहे.

भाड्याच्या नावांचा व्यवसाय कसा जन्मास आला हे प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक परगण्यात सरोवरे आणि मंद वाहणाऱ्या नद्या यांचे एक जाळे आहे. ‘ब्रॉड्स’ या नावाने ते ओळखले जाते. तेथे शतकानुशतके मोठी शिडे असलेल्या नावांतून धान्य, कोळसा आणि लाकूड यांची वाहतूक होत असे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि माल नावेतून उतरून डब्यात चढला. त्याच रेल्वेने मात्र शहरातील हौशी प्रवासी तेथे आणून सोडले. जॉन लॉइन्स नावाच्या एका सुताराने त्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत त्यांना नावा भाड्याने देण्यास आरंभ केला. रिकाम्या पडलेल्या मालवाहू नावांपैकी काहींत बिछाने आणि चुली बसवून त्याही भाड्याने फिरू लागल्या. १९०८ साली अनेक नावमालकांच्या वतीने गिऱ्हाईक मिळवून देणारी ‘ब्लेक्स’ ही पेढी निघाली आणि धंद्याला शिस्त आली.

इंग्लंडमधील कालव्यांचीही हीच कथा आहे. १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या ‘क्रेसी’ या जुन्या नावेतून केलेल्या प्रवासाचे ते वर्णन होय. मरू घातलेल्या कालव्यांकडे त्याने लोकांचे लक्ष वेधले आणि १९४६ साली कालवे वाचविण्यासाठी तेथे एक संस्था स्थापन झाली. पुढे कालव्यांवर भाड्याच्या नावांचे ताफे उभे राहिले, आणि त्या ताफ्यांतून निघालेल्या जुन्या नावा मध्यमवर्गीय कुटुंबे विकत घेऊ लागली. मालाची नाव भाड्याची झाली आणि भाड्याची नाव घरची झाली.

आपल्या देशातही हे चक्र फिरलेले दिसते. केरळातील ‘केट्टुवळ्ळम्’ ही काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेली तांदळाची नाव होती. रस्ते झाले, मालमोटारी आल्या आणि ती निकामी झाली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिच्यावर बांबूचे छप्पर चढवून प्रवाशांचे तरंगते घर करण्यात आले. वैनगंगेच्या खोऱ्याच्या वाट्याला मात्र मोठी नौकावाहतूक आली नाही. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा यांच्या पाण्यातून वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत नेण्याचे स्वप्न सर आर्थर कॉटन यांनी पाहिले होते, आणि त्यासाठी १८६० नंतरच्या दशकात गोदावरीच्या वरच्या भागात कामेही सुरू झाली होती. परंतु खडकाळ पात्र, ओसरणारे पाणी आणि वाढता खर्च यांपुढे टिकाव न लागून १८७१ साली ती योजना सोडून देण्यात आली. त्या अपयशात आजच्या नाव घेणाऱ्यालाही एक धडा आहे. पाण्याचा स्वभाव न पाहता नावेचा बेत केला तर तो तडीस जात नाही.

आता भाड्याच्या नावेकडे वळावे. अशी नाव घेण्यास लोक कचरतात, त्याचे कारण उघड आहे. ती हजार हातांतून गेलेली असते. आज एक, उद्या दुसरा असे उतारू तिच्यात बसतात, कोणी काठावर जोराने पाय देऊन उतरतो, कोणी बाकावर उभा राहतो. जेथे नाव गिऱ्हाइकाच्याच हाती चालविण्यास देतात तेथे ती धक्क्याला, दगडाला आणि दुसऱ्या नावेला किती वेळा आदळली असेल याची गणती नसते. शिवाय थोड्या जागेत अधिक माणसे बसावीत म्हणून तिची आतील रचना अडचणीची केलेली असते.

हे सर्व खरे असले तरी दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भाड्याची नाव बंद पडली की त्या दिवसाचे उत्पन्न बुडते, म्हणून शहाणा मालक तिचे तेल वेळेवर बदलतो, पट्टे तपासतो आणि तळ नियमाने रंगवितो. तिचे इंजिन रोज चालते, आणि रोज चालणारे इंजिन सहा महिने मुकाट पडून राहिलेल्या इंजिनापेक्षा बहुधा अधिक भरवशाचे असते. हौशी मालकाची नाव वर्षातून चार दिवस पाण्यावर जाते आणि बाकीचे दिवस ताडपत्रीखाली कुजते. तिच्या टाकीत दमटपणाने पाणी साठते, विजेच्या तारांची टोके हिरवी पडतात, रबरी नळ्या तडकतात, आणि वरून मात्र ती नवी दिसते. वापराने झालेली झीज डोळ्यांना दिसते, तर दुर्लक्षाने झालेली झीज आत लपून बसते. म्हणून नाव भाड्याची होती की घरची होती, हा प्रश्न दुय्यम होय. तिची निगा कोणी आणि कशी राखली, हा मुख्य प्रश्न समजावा. ज्या ताफ्याच्या मालकापाशी दुरुस्तीची वही आहे आणि ती दाखविण्यास तो संकोच करीत नाही, त्याची दहा वर्षांची नाव ज्याच्यापाशी वही नाही त्याच्या पाच वर्षांच्या नावेपेक्षा श्रेयस्कर मानावी.

नाव पाण्यात असताना तिचा सौदा करू नये, हा पहिला नियम. नावेचे खरे वय तिच्या तळाला विचारावे लागते. म्हणून ती पाण्याबाहेर ओढून, ओंडक्यांवर ठेवून, धुऊन आणि वाळवून पाहिली पाहिजे. याचा खर्च घेणाऱ्याने सोसावा लागला तरी तो सोसावा. ताज्या रंगाने झाकलेला तळ दिसला तर संशय अधिक घ्यावा, कारण रंग भेगा झाकतो पण बुजवीत नाही.

तळ कशाचा आहे यावर परीक्षा अवलंबून असते. लाकडी नाव असेल तर चाकूचे टोक फळ्यांच्या सांध्यात, कण्याच्या लाकडात आणि खिळ्यांच्या आसपास हलकेच टोचून पाहावे. चांगले लाकूड टोकाला विरोध करते, कुजलेले लाकूड ते गिळून टाकते. कुजण्याची सुरुवात बहुधा पावसाचे गोडे पाणी साचते अशा आतल्या कोपऱ्यात होते, म्हणून बाकांखालचे आणि टोकांकडचे कोपरे अवश्य उघडून पाहावे.

लोखंडी नाव असेल तर पत्र्याची जाडी हा प्राण होय. गंज सगळीकडे सारखा लागत नाही. पाण्याच्या रेषेशी, जेथे पाणी आणि हवा यांचा खेळ चालतो तेथे, तो अधिक खातो आणि लहान लहान खड्डे पाडतो. ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजणारे उपकरण आता मिळते, आणि ते वापरणारा जाणकार बोलावून तळावर ठिकठिकाणी मोजणी करून घ्यावी. इंग्लंडमधील कालव्यांच्या नावांना तळास सहा ते दहा मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो, आणि तो चार मिलिमीटरच्या खाली झिजला की विमा उतरविणारे सामान्यतः कुरकुर करू लागतात. हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची जुनी रीत वाईट नाही, परंतु तिच्यावरच विसंबून राहू नये.

आजकाल जलविहाराच्या बऱ्याच नावा काचतंतूंच्या, म्हणजे फायबरच्या असतात. या नावा गंजत नाहीत व कुजत नाहीत, म्हणून त्या अमर आहेत असा एक गैरसमज आहे. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्याने त्यांच्या वरच्या लुकणातून पाणी आत झिरपते आणि तळावर फोड येतात. फोड फोडला असता उग्र वासाचा द्रव निघाला तर रोग आत पोचला आहे असे समजावे. बुटाच्या टाचेखाली फळी दबत असेल, तर आतील थर सुटलेले आहेत. नाण्याने किंवा लाकडी हातोडीने ठोकीत गेल्यास भरीव जागी टणक आणि पोकळ जागी बोदा आवाज येतो. कडांच्या आणि खुंट्यांच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर तेथे आदळल्याचा इतिहास आहे.

इंजिनाची परीक्षा ते थंड असताना करावी. घेणारा येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले असेल तर नम्रपणे दुसऱ्या दिवशी सकाळी येण्याचे ठरवावे. थंड इंजिन सुरू होण्यास फार वेळ घेत असेल, तर आतील दाब कमी झालेला असू शकतो. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर निघत असेल तर इंधन पुरते जळत नाही किंवा इंजिनावर भार अधिक आहे, निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला तर आत पाणी शिरते आहे किंवा इंधन न जळता बाहेर पडते आहे. तेलाची काडी बाहेर काढून पाहावी. तेलाला दुधाळ रंग आला असेल तर तो सौदा तेथेच थांबविलेला बरा. पंख्याचा दांडा नावेतून बाहेर पडतो तेथे थेंब थेंब पाणी येणे हे जुन्या बांधणीत स्वाभाविक आहे, पण धार लागता कामा नये. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी असेल तर तिच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो उडून न जाता नावेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो.

या सर्वांहून महत्त्वाची परीक्षा नावेच्या तोलाची. पहिल्या मालकाने अधिक उतारू बसविण्यासाठी वर दुसरा मजला चढविला आहे काय, मूळ बांधणीत नसलेले छप्पर अथवा कठडे जोडले आहेत काय, हे अवश्य विचारावे. वजन जितके वर जाते तितकी नाव कलंडण्यास उतावीळ होते. केरळात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी जी नाव उलटून २२ जणांचे प्राण गेले, ती मूळची मासेमारीची नाव होती. तिच्यात फेरफार करून ती सहलीची दुमजली नाव करण्यात आली होती आणि तिच्यात प्रमाणाबाहेर माणसे चढली होती. नाव जुनी झाली म्हणजेच ती घातक होते असेही नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात बुडालेली ‘जलकन्यका’ ही जवळजवळ नवी दुमजली नाव होती. तिच्या अपघातात ४५ जण दगावले. वडोदऱ्याच्या हरणी तलावावर १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीस आलेल्या शाळेतील १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. नावेत बसावयास हवीत त्याहून अधिक माणसे होती आणि तरंगती जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती.

वैनगंगाही या दुःखाला अपरिचित नाही. २०२४ च्या जानेवारीतच गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी पलीकडे निघालेल्या स्त्रियांची नाव याच नदीत उलटली आणि त्यांच्यातील काही परत आल्या नाहीत. त्या काही जलविहारास निघालेल्या नव्हत्या. रोजची भाकरी पलीकडच्या काठावर होती म्हणून त्या नावेत बसल्या होत्या. नावेची पारख हा घेणाऱ्याच्या नफ्यातोट्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो उतारूंच्या जिवाचा प्रश्न आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत आळस करू नये. अंतर्देशीय जलयानांसंबंधी १९१७ चा जुना कायदा बाजूस सारून संसदेने २०२१ साली नवा कायदा केला. त्याअन्वये यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी, तज्ज्ञाकडून तपासणी, तपासणीचा दाखला, चालकांची पात्रता आणि विमा यांची व्यवस्था लावून दिली आहे. वल्ह्याने चालणाऱ्या नावांच्या नोंदीचीही त्यात तरतूद आहे. नाव घेणाऱ्याने नोंदणीचा दाखला आपल्या नावे करून घ्यावा, दाखल्यावरील इंजिनाचा क्रमांक इंजिनावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि नावेवर कर्जाचा बोजा नाही याची लेखी खात्री मागावी. नाव दुसऱ्या राज्यातून आणली असेल तर ही काळजी दुपटीने घ्यावी. जेथे उतारू न्यावयाचे तेथील पाणी ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी हा निराळा विषय आहे, आणि ती मिळण्याची शाश्वती नसताना नाव घेणे म्हणजे वराचा पत्ता नसताना मांडव घालणे होय.

आता हिशेब. समजा, एका कुटुंबाने ताफ्यातून निघालेली नाव ४,००,००० रुपयांस घेतली. ती मालमोटारीने आणणे, तळाची दुरुस्ती, तपासणी, जाकिटे आणि दोऱ्या यांस आणखी १,५०,००० रुपये लागले. एकूण भांडवल ५,५०,००० रुपये झाले. नाव आठ वर्षे टिकली तर वर्षाला सुमारे ६९,००० रुपये नुसत्या झिजेपोटी बाजूस काढावे लागतील. पावसाळ्याचे चार महिने गेले, उन्हाळ्यात पाणी आटल्याचे दिवस गेले, मग वर्षातून १५० दिवस काम मिळाले असे धरू. म्हणजे डिझेलचा एक थेंब जळण्यापूर्वी आणि नावाड्याला मजुरीचा एक रुपया मिळण्यापूर्वी नावेने रोज ४६० रुपये मिळविले पाहिजेत. तळ नीट न तपासल्यामुळे हीच नाव चारच वर्षांत निकामी झाली तर हा आकडा ९१७ रुपयांवर जातो. जाणकाराच्या तपासणीचे चार पैसे वाचवू पाहणारा मनुष्य प्रत्यक्षात रोजची निम्मी कमाई पणास लावीत असतो.

हे आकडे केवळ दृष्टांतादाखल आहेत, परंतु त्यांतून एक सल्ला निघतो. ज्याने हा धंदा केलेला नाही त्याने प्रथम नाव विकत न घेता एका हंगामापुरती भाड्याने घ्यावी. एका हंगामात गिऱ्हाईक किती येते, कोणत्या दिवशी येते, पाणी कोठवर टिकते आणि नाव कोठे टेकते हे कळून येते. भाड्याने घेताना करार लेखी असावा. किरकोळ दुरुस्ती कोणी करावयाची, इंजिन बंद पडले तर त्या दिवसांचे भाडे तुटावे की नाही, विमा कोणाच्या नावे, आणि अनामत रक्कम कोणत्या कारणाने कापली जाईल, एवढ्या गोष्टी तरी त्यात स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. नाव ताब्यात घेते वेळी तिच्यावरील सर्व जुने ओरखडे दोघांनी मिळून पाहून त्यांची यादी करावी. इंग्लंडातील ताफ्यांचे मालक नाव सोडण्यापूर्वी गिऱ्हाइकाला ती चालविण्याचे आणि थांबविण्याचे पाठ देतात. ही रीत आपल्याकडेही आणण्याजोगी आहे.

नाव घेतली, म्हणजे खरे काम तेथून सुरू होते. बालाघाटच्या नावेचे पंचांग वैनगंगा ठरविते. पावसाळ्यात नदी फुगते आणि शिवनी जिल्ह्यात भीमगड येथे तिच्यावर बांधलेल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले की पाणी आणखी चढते. तेव्हा नाव काठावर ओढून, पुराच्या जुन्या खुणांच्याही वर, छपराखाली ठेवावी. ती खुंट्याला बांधून पाण्यातच ठेवणे म्हणजे नदीला देऊन टाकणे होय. दिवाळीनंतर पाणी निवळते आणि कामाचा हंगाम सुरू होतो. चैत्र-वैशाखात पात्रातील खडक वर येतात, तेव्हा पंख्याला आणि तळाला इजा होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. ढुटीच्या जुन्या बंधाऱ्यासारख्या ठिकाणी पाणी वर्षातून अधिक काळ अडून राहते. बंधाऱ्याच्या तोंडाजवळ मात्र नाव कधीही नेऊ नये.

ज्यांच्या नावा लाकडी आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्याबाहेर उन्हात ठेवलेल्या नावेच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. हंगामाच्या प्रारंभी ती एकदम माणसांनी भरून पाण्यात लोटू नये. प्रथम रिकामी लोटावी, दोन-तीन दिवस पाणी पिऊ द्यावे, फळ्या फुगून सांधे मिटले की मग आतील पाणी उपसून ती कामास लावावी. बालाघाट जिल्हा हा सालवृक्षांचा प्रदेश आहे. सालाच्या बुंध्यातून पाझरणारी राळ नावेचे सांधे बुजविण्यास फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. सांध्यात कापसाची वात ठासून वर तेलात कढविलेली राळ भरण्याचा हा उपाय आजही टाकाऊ झालेला नाही.

लोखंडी नावेचा तळ दोन-तीन वर्षांनी घासून त्यास डांबरी रंगाचे हात द्यावे लागतात. फायबरच्या नावेवरील ओरखडे खोल गेले असतील तर ते लगेच भरून काढावे, कारण पाणी तेथूनच शिरते. इंजिनाचे तेल आणि गाळण्या ठरलेल्या तासांना बदलाव्यात, आणि त्यासाठी किती तास काम झाले याची वही ठेवावी. पावसाळ्यासाठी नाव काढून ठेवताना इंधनाची टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. तळात साचलेले पाणी रोज सकाळी पाहावे. काल एक बादली निघाली आणि आज तीन निघाल्या, तर नाव काही तरी सांगत आहे, आणि ते ऐकल्याशिवाय त्या दिवशी घाट सोडू नये. दोऱ्या, नांगर, वल्ह्याची जोडी, पाणी उपसण्याचे भांडे आणि प्रत्येक उतारूसाठी एक जाकीट ही सामग्री इंजिन कितीही चांगले असले तरी नावेत असलीच पाहिजे. लहान मुलांच्या मापाची जाकिटे निराळी लागतात, हे पुष्कळ ठिकाणी विसरले जाते.

उतारूंचेही काही कर्तव्य आहे. नावेच्या अंगावर नोंदणीचा क्रमांक आणि बसावयाच्या माणसांची संख्या लिहिली आहे काय, हे त्यांनी पाहावे. जाकीट बाकाखाली न ठेवता अंगावर घालावे. पाण्यापासून नावेचा काठ किती वर आहे यावर नजर टाकावी, आणि तो वीतभरच उरला असेल तर सरळ उतरावे. नाव चालू असताना एखादा पक्षी किंवा मगर दिसली म्हणून सर्वांनी एका बाजूस धावू नये. थेक्कडीची नाव कलंडली ती माणसे एका बाजूस झुकल्यामुळे, हे विसरता येण्याजोगे नाही.

ढीमर, केवट आणि धीवर या समाजांचे पाण्याचे ज्ञान पुस्तकांत सापडत नाही. कोणत्या महिन्यात कोणता खडक किती पाण्याखाली असतो आणि डोहातील भोवरा कोठे सरकतो, हे त्यांना पाठ असते. या ज्ञानाला जर तपासलेली नाव, स्वच्छ कागद आणि नियमित निगा यांची जोड मिळाली, तर पुलांनी हिरावून घेतलेला त्यांचा धंदा निराळ्या रूपाने त्यांना परत मिळू शकेल. अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर एक नाव घ्यावी, तपासणीचा आणि विम्याचा खर्च वाटून घ्यावा, हा मार्ग त्यांच्यासाठी विशेष हितकर होईल. जुनी नाव ही त्यांच्या आवाक्यातील पहिली पायरी आहे. ती पायरी कुजकी असू नये, एवढेच पाहावयाचे.

शेवटी सर्व पारख एका ठिकाणी येऊन थांबते. नावेत बसणारा मनुष्य तळाचा पत्रा मोजीत नाही, तेलाची काडी काढून पाहत नाही. तो नावाड्याच्या तोंडाकडे पाहतो आणि पाय टाकतो. त्या विश्वासाची किंमत नावेच्या किमतीत धरलेली नसते, पण धंदा चालतो तो तिच्यावरच. नावेवर अठरा माणसे असे लिहिले असेल आणि घाटावर एकोणिसावा उभा असेल, सूर्य कललेला असेल, दिवसभराची कमाई थोडी झालेली असेल, अशा वेळी त्याला पुढच्या फेरीस थांबावयास जो सांगेल त्यानेच नाव घ्यावी.